पांढरी काठी आणि रंगीत काठी : रंग कोणासाठी?

मराठी भाषेत 'आंधळ्याची काठी' हा वाक्प्रचार एकमेव आधार या अर्थाने रूढ आहे. वृद्ध आईबापांचा एकुलता एक मुलगा म्हणजे त्यांची आंधळ्याची काठी, असे आपण सहज बोलून जातो. या वाक्प्रचारामागे खेड्यापाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या दिसत आलेले एक चित्र आहे. काठीचे एक टोक अंध मनुष्याच्या हातात आणि दुसरे टोक घरातील एखाद्या लहान मुलाच्या हातात. मूल पुढे आणि अंध मनुष्य मागे. या चित्रात वाट शोधण्याचे काम काठी करीत नाही, ते मूल करते. अंध मनुष्याला बाजारात जावयाचे असेल, तर मुलाची शाळा बुडते. आणि मूल शाळेत गेले, तर अंध मनुष्य घरात अडकून पडतो.

गेल्या सुमारे शंभर वर्षांत या चित्रात मोठा बदल झाला. काठी लांब झाली, तिचा रंग पांढरा झाला आणि ती हाती धरून एकट्याने चालण्याची शास्त्रशुद्ध पद्धत निर्माण झाली. अलीकडे काठीच्या रंगाविषयी नवे प्रश्नही पुढे आले आहेत. काही देशांत हिरवी काठी आली, काही ठिकाणी लाल पट्ट्यांची काठी आली, तर काही अंध व्यक्ती आपल्या आवडीच्या रंगाची काठी वापरू लागल्या आहेत. मग काठी पांढरीच का असावी? ज्याला दिसत नाही, त्याच्या काठीच्या रंगाने काय साधते? या प्रश्नांचा उलगडा होणे केवळ अंध व्यक्तींच्याच नव्हे, तर डोळस नागरिकांच्याही दृष्टीने आवश्यक आहे. किंबहुना डोळसांच्या दृष्टीने ते अधिक आवश्यक आहे.

मांडवीचा चौक

हा प्रश्न समजून घेण्यासाठी बडोदे शहरातील मांडवीचा चौक डोळ्यांसमोर आणावा. बडोदे मराठी माणसाला परके नाही. गायकवाडांच्या राजवटीत महाराष्ट्रातून गेलेली अनेक कुटुंबे तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. जुन्या शहराच्या मध्यभागी मांडवीची कमानदार इमारत उभी आहे. तेथून चार दिशांना चार रस्ते निघतात. पश्चिमेकडचा लहरीपुरा दरवाजाकडे, पूर्वेकडचा पाणीदरवाजाकडे, उत्तरेकडचा चांपानेर दरवाजाकडे आणि दक्षिणेकडचा गेंडी दरवाजाकडे जातो. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या काळात, १९१० साली, सुरू झालेले मध्यवर्ती ग्रंथालयही याच परिसरात आहे. दोन्ही बाजूंनी दुकाने, हातगाड्या, सायकली, रिक्षा आणि दुचाकी वाहने यांची दाटी असते. शहर आखले गेले, तेव्हा मोटारगाडी नव्हती. आज तिला त्याच रस्त्यांवरून वाट काढावी लागते.

अशा चौकात डोळस मनुष्य रस्ता कसा ओलांडतो, याचे बारकाईने निरीक्षण केल्यास एक गोष्ट ध्यानात येते. तो केवळ वाहने पाहत नाही, तर वाहनचालकाच्या डोळ्यांत पाहतो. हात किंचित वर करतो, रिक्षावाल्याशी त्याची नजरानजर होते, रिक्षावाला वेग कमी करतो आणि पादचारी पुढे सरकतो. हा सारा व्यवहार एक शब्दही न बोलता, क्षणार्धात उरकतो. आपल्याकडील गर्दीच्या रस्त्यांवर पादचाऱ्याची सुरक्षितता पुष्कळशी या नजरानजरेवर अवलंबून असते.

अंध व्यक्तीला हा व्यवहार करता येत नाही. तिला वाहनाचा आवाज ऐकू येतो. परंतु चालकाने आपल्याला पाहिले किंवा नाही, हे तिला कळत नाही. उलट चालकाची अशी समजूत होते, की समोरच्या मनुष्याने आपले वाहन पाहिले असून तो आपणहून थांबेल. दोघेही दुसऱ्यावर विसंबून राहतात आणि अपघात घडतो. पांढरी काठी ही उणीव भरून काढते. अंध व्यक्तीच्या वतीने ती चालकाला सांगते, "या मनुष्याला तुमचे वाहन दिसत नाही; थांबण्याचे काम तुमचे आहे."

एक काठी, दोन कामे

यावरून असे दिसून येईल, की अंध व्यक्तीच्या हातातील काठी एकाच वेळी दोन वेगवेगळी कामे करते. पहिले काम धारकासाठी आहे. काठीचे टोक जमिनीला लागते; त्या स्पर्शावरून आणि आवाजावरून पुढे पायरी आहे की खड्डा, दगड आहे की गटार, डांबर संपून माती लागली की काय, हे त्याला कळते. या कामासाठी काठीची लांबी, वजन, टोक आणि मूठ महत्त्वाची आहे. रंगाचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. काळ्या, निळ्या वा बिनरंगी काठीनेही हे काम तितकेच चांगले होते.

दुसरे काम पाहणाऱ्यासाठी आहे. काठी ही एक खूण आहे, आणि ही खूण रंगाने पटते. म्हणजेच काठी अंध व्यक्तीच्या हातात असली, तरी तिचा रंग डोळसांसाठी असतो. हा भेद ध्यानात ठेवला, म्हणजे पांढऱ्या व रंगीत काठ्यांसंबंधीचे बहुतेक प्रश्न सुटतात.

पांढरा रंग कसा आला?

काठीला पांढरा रंग देण्याची कल्पना मोटारींच्या वाढत्या वर्दळीतून जन्मास आली. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरातील जेम्स बिग्ज हे छायाचित्रकार अपघाताने अंध झाले. घराभोवतीच्या वाहनांना आपण दिसावे, म्हणून १९२१ साली त्यांनी आपली काठी पांढऱ्या रंगाने रंगविली. फ्रान्समध्ये गिली देर्बेमाँ या महिलेने पॅरिसच्या रस्त्यांवर अंध व्यक्तींची होणारी कुचंबणा पाहून पांढऱ्या काठीची मोहीम हाती घेतली आणि फेब्रुवारी १९३१ मध्ये पहिल्या पांढऱ्या काठ्या समारंभपूर्वक दिल्या. अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या पिओरिया या शहरात लायन्स क्लबच्या पुढाकाराने १९३० साली पांढरी काठी घेऊन चालणाऱ्या अंध व्यक्तीला रस्त्यावर अग्रक्रम देणारा नगर-नियम करण्यात आला.

येथवर काठीची खूण तयार झाली होती. परंतु साधन म्हणून ती अद्याप अपुरी होती. ती आखूड, टेकून चालण्याच्या काठीएवढीच होती. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या अमेरिकन सैनिकांच्या पुनर्वसनाचे कार्य करताना रिचर्ड हूवर यांनी यात सुधारणा केली. हूवर हे पूर्वी अंधशाळेत शिक्षक होते. त्यांनी लांब आणि हलकी काठी तयार करून ती वापरण्याची पद्धत बसविली. या पद्धतीत काठी शरीरापुढे मध्यभागी धरून खांद्यांच्या रुंदीपेक्षा किंचित अधिक अशा कमानीत डावी-उजवीकडे फिरविली जाते. डावा पाय पुढे पडतो, तेव्हा काठीचे टोक उजव्या बाजूस टेकते. उजवा पाय पुढे पडतो, तेव्हा डाव्या बाजूस. त्यामुळे पुढचे पाऊल जेथे पडणार, ती जागा काठीने आधीच तपासलेली असते. जगभरातील बहुतेक प्रशिक्षणाचा पाया आजही हीच पद्धत आहे.

१९६४ साली अमेरिकेच्या अध्यक्षांनी १५ ऑक्टोबर हा 'पांढरी काठी सुरक्षा दिन' म्हणून घोषित केला. भारतातही अंधकल्याणाचे कार्य करणाऱ्या संस्था हा दिवस पाळतात.

पांढराच रंग का?

या निवडीमागे केवळ योगायोग नाही. पांढरा पृष्ठभाग त्यावर पडणाऱ्या प्रकाशाचा फार मोठा भाग परावर्तित करतो. डांबरी रस्ता, गडद कपडे आणि सावली यांच्या पार्श्वभूमीवर तो चटकन उठून दिसतो.

दुसरे कारण मानवी डोळ्याच्या रचनेत आहे. डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. रंग ओळखणाऱ्या पेशींना भरपूर उजेड लागतो. मंद उजेडात काम करणाऱ्या पेशींना रंग कळत नाही. त्यांना फक्त उजळ आणि काळपट एवढाच भेद कळतो. म्हणूनच तिन्हीसांजेला लाल फूल काळपट दिसू लागते आणि पाठोपाठ हिरवी पाने करडी होतात. पांढरे फूल मात्र शेवटपर्यंत दिसत राहते. संध्याकाळची वेळ ही रस्त्यावर मोठ्या वर्दळीची असते. नेमक्या त्याच वेळी रंगीत काठीची खूण पुसट होते आणि पांढरी काठी टिकून राहते. शिवाय काही पुरुषांना जन्मतःच लाल आणि हिरवा यांतील भेद नीटसा कळत नाही. पांढऱ्या रंगाच्या बाबतीत ही अडचण उद्भवत नाही.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. खूण एकच असावी लागते. पोस्टाची पेटी प्रत्येक गावाने वेगळ्या रंगाने रंगविली, तर परगावच्या मनुष्याला ती ओळखू येणार नाही. पांढऱ्या काठीचा अर्थ बडोद्याच्या रिक्षावाल्याला, नाशिकच्या ट्रकचालकाला आणि लंडनच्या बसचालकाला एकच वाटावा, यातच तिचे सामर्थ्य आहे.

लाल पट्ट्यांची काठी

काही व्यक्तींना दृष्टी आणि श्रवण या दोन्ही बाबतींत अपंगत्व असते. त्यांना वाहन दिसत नाही आणि त्याचा आवाजही पुरेसा ऐकू येत नाही. अशा अंध-बधिर व्यक्तींसाठी पांढऱ्या काठीवर लाल पट्टे असलेली काठी अनेक देशांत प्रचारात आहे. ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत तिचा हाच अर्थ दिलेला आहे. तिचा संदेश असा, की येथे भोंगा वाजवून किंवा हाक मारून उपयोग नाही.

मात्र येथे एक सावधगिरी बाळगणे इष्ट आहे. अमेरिकेत केवळ अंध असलेल्या व्यक्तींच्या पांढऱ्या काठीचा खालचा भागही लाल असतो, आणि तशा काठ्या आपल्याकडेही पाहावयास मिळतात. त्यामुळे लाल भाग दिसला म्हणजे ती व्यक्ती बधिर असलीच पाहिजे, असा निष्कर्ष काढू नये. काठीवर वर-खाली लाल पट्टे असतील, तर ऐकू न येण्याची शक्यता गृहीत धरून अधिक काळजी घ्यावी, हे उत्तम. आपल्या देशात २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने अंध-बधिरत्वाचा बहुविकलांगतेमध्ये स्पष्ट उल्लेख केला आहे.

हिरवी काठी आणि 'सोंगा'चा आरोप

रंगीत काठीचा खरा प्रश्न उपस्थित होतो तो अल्पदृष्टी व्यक्तींच्या बाबतीत. दृष्टी एक तर असते किंवा नसते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती बरोबर नाही. वर उल्लेखिलेल्या अधिनियमानुसार चष्मा किंवा अन्य उत्तमात उत्तम उपाय करूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी ३/६० पेक्षा कमी असेल, म्हणजे सामान्य मनुष्याला जे अक्षर ६० मीटरवरून ओळखता येते ते ३ मीटरवरूनही ओळखता येत नसेल, तर ती व्यक्ती अंध मानली जाते. दृष्टीचे क्षेत्र १० अंशांहून कमी असले, तरीही ती अंध समजली जाते. दृष्टी ६/१८ ते ३/६० या मर्यादेत किंवा दृष्टिक्षेत्र ४० ते १० अंशांच्या दरम्यान असेल, तर ती व्यक्ती अल्पदृष्टी होय.

दृष्टिक्षेत्राचा हा मुद्दा विशेष समजून घेण्यासारखा आहे. डोळ्याच्या पडद्याच्या काही विकारांत प्रथम रातांधळेपणा येतो आणि मग कडेची दृष्टी हळूहळू नाहीशी होते. मध्यभागी एखाद्या नळीतून पाहावे तेवढेच दिसते. अशा एखाद्या विद्यार्थिनीची कल्पना करावी. मांडवीजवळच्या ग्रंथालयात बसून ती पुस्तक वाचू शकते, कारण अक्षरे तिच्या दृष्टीच्या मध्यभागी मावतात. पण बाहेर पडताच पायाखालची पायरी, बाजूने येणारी सायकल आणि वाटेत मांडलेली टोपली यांतले काहीच तिला दिसत नाही. तिने पांढरी काठी उघडली, की पाहणारे म्हणतात, "आत्ताच तर ही वाचीत होती. मग हे सोंग कशाला?"

हा आरोप क्रूर असून त्याचे परिणाम गंभीर होतात. लोक काय म्हणतील या भयाने अल्पदृष्टी व्यक्ती काठी पिशवीत ठेवतात, अंदाजाने रस्ता ओलांडतात आणि जीव धोक्यात घालतात. ज्यांना सर्वांत सहज मदत होऊ शकली असती, त्याच व्यक्ती लज्जेपोटी त्या मदतीपासून वंचित राहतात.

यावर उपाय म्हणून अर्जेंटिनामधील पेर्ला मायो यांनी १९९६ साली अल्पदृष्टी व्यक्तींसाठी हिरवी काठी सुचविली. २००२ साली त्या देशाने कायदा करून तिला मान्यता दिली. लॅटिन अमेरिकेतील अन्य काही देशांतही ती प्रचारात आली. ब्राझीलने २०२४ साली कायद्याने तीन प्रकार निश्चित केले : अंध व्यक्तींसाठी पांढरी, अल्पदृष्टी व्यक्तींसाठी हिरवी आणि अंध-बधिर व्यक्तींसाठी लाल-पांढरी काठी.

या योजनेचा लाभ उघड आहे. हिरवी काठी धरणारा मनुष्य पुस्तक वाचताना दिसला, तरी त्याला कोणी ढोंगी म्हणणार नाही. परंतु तिला मर्यादाही आहेत. पहिली मर्यादा अशी, की रस्त्यावरील चालकाला इतका सूक्ष्म भेद उपयोगी पडत नाही. समोरची व्यक्ती पूर्ण अंध असो वा अल्पदृष्टी, त्याचे कर्तव्य एकच आहे, आणि ते म्हणजे थांबणे. दुसरी मर्यादा अशी, की जेथे समाजाला हिरव्या काठीचा अर्थ ठाऊक नाही, तेथे ती साधी रंगीत काठी ठरते. तिसरी मर्यादा वर सांगितलेलीच आहे : अल्पदृष्टी व्यक्तींना ज्या संध्याकाळच्या वेळी सर्वाधिक अडचण येते, त्याच वेळी हिरवा रंग दिसेनासा होतो.

आवडीचा रंग

आता ॲल्युमिनियम, काचतंतू आणि कार्बनतंतू यांच्या हलक्या, घडीच्या काठ्या मिळतात आणि परदेशांत त्या हव्या त्या रंगात तयार केल्या जातात. लहान मुलांना आपली काठी आवडावी, तरुणांना ती रुग्णालयातील वस्तू न वाटता स्वतःची वाटावी, हा त्यामागील हेतू चांगला आहे. अंध व्यक्तीलाही आवडनिवड असते, हे समाजाने विसरता कामा नये. घरात, शाळेच्या आवारात, कार्यालयात किंवा लग्नसमारंभात कोणत्याही रंगाची काठी वापरण्यास हरकत नाही. कारण तेथे खुणेपेक्षा साधनाचे महत्त्व अधिक असते. काठी कोणत्या रंगाची घ्यावी, याचा निर्णय अखेर तिच्या धारकाचाच आहे.

तथापि वाहनांच्या रस्त्यावर रंगीत काठी हाती धरताना आपण एक संरक्षण सोडीत आहोत, याची जाणीव असावी. मूठ, दोरी किंवा पिशवी आवडीच्या रंगाची आणि काठीचा दांडा पांढरा, अशी तडजोड सहज करता येते. रात्रीसाठी वाहनाच्या दिव्याचा प्रकाश परत फेकणारी पट्टी दांड्यावर लावावी.

भारतातील स्थिती

आपल्या देशात हिरव्या काठीला कायद्याने विशिष्ट अर्थ दिलेला नाही. पांढऱ्या काठीची ओळख मात्र वाहनचालकाला परवाना मिळविण्याच्या वेळीच करून दिली जाते. शिकाऊ परवान्याच्या परीक्षेच्या प्रश्नसंचात असा एक प्रश्न आहे, की पांढरी काठी घेतलेली अंध व्यक्ती रस्ता ओलांडीत असेल, तर चालकाने काय करावे? भोंगा वाजवून पुढे जावे, वेग कमी करून सावधपणे जावे, की काठीला थांबण्याची वाहतूक-खूण समजावे? यांपैकी अखेरचे उत्तर बरोबर धरले जाते. म्हणजेच मांडवीच्या चौकात उंचावलेली पांढरी काठी ही वाहतूक पोलिसाच्या हाताइतकीच आदरणीय आहे. परीक्षेत बरोबर उत्तर देणाऱ्या चालकाने ते रस्त्यावरही ध्यानात ठेवावे, एवढीच अपेक्षा आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम ९२ अन्वये दिव्यांग व्यक्तीचा सार्वजनिक ठिकाणी हेतुपुरस्सर अपमान करणे, तसेच तिच्या सहायक साधनाची जाणूनबुजून नासधूस करणे किंवा त्याच्या वापरात अडथळा आणणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे. काठी हिसकावून पाहणे, लपविणे किंवा "दिसते की नाही" याची थट्टेने परीक्षा घेणे या गोष्टी कायद्यालाही मान्य नाहीत.

साधने व उपकरणे यांसाठी केंद्र शासनाची साहाय्य योजना १९८१ पासून चालू आहे. तीखालील शिबिरांतून काठ्यांचे वाटप होते. दिल्लीच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेने विकसित केलेले 'स्मार्टकेन' हे उपकरण २०१४ साली उपलब्ध झाले. ध्वनिलहरींच्या साहाय्याने ते गुडघ्याच्या वरच्या अडथळ्यांची सूचना कंपनांद्वारे देते. साध्या काठीला जमिनीलगतचे अडथळे कळतात. परंतु लोंबणारी फांदी, पुढे आलेली दुकानाची पाटी किंवा ट्रकचा उघडा फाळका कळत नाही. ही उणीव त्यामुळे कमी होते.

कोणी काय करावे?

अधिकाऱ्यांनी काठ्यांचे वाटप करताना लांबीकडे लक्ष द्यावे. काठी उभी धरली असता तिचे वरचे टोक साधारणतः धारकाच्या छातीच्या मधल्या हाडापर्यंत यावे. उंच पुरुषाला आणि दहा वर्षांच्या मुलीला एकाच मापाची काठी देणे म्हणजे दोघांनाही न बसणारी पादत्राणे देण्यासारखे आहे. काठीबरोबर ती वापरण्याचे प्रशिक्षणही मिळाले पाहिजे. अन्यथा ती घराच्या कोपऱ्यात उभी राहते.

शिक्षकांनी अल्पदृष्टी विद्यार्थ्याकडे विशेष लक्ष पुरवावे. फळ्यावरील अक्षर वाचणारे मूल सायंकाळी अंगणात अडखळत असेल, तर ते धांदरट नसून त्याची कडेची दृष्टी किंवा मंद उजेडातील दृष्टी कमी असण्याचा संभव आहे. त्याच्या पालकांना नेत्रतपासणीचा सल्ला द्यावा. मुलाला काठी मिळाल्यास तिचा अर्थ सर्व वर्गाला समजावून सांगावा, म्हणजे सोंगाचा आरोप जन्मासच येणार नाही. अंध आजोबांची काठी धरावी लागते म्हणून एखादे मूल वारंवार गैरहजर राहत असेल, तर त्या घरी लांब काठी आणि प्रशिक्षण पोहोचविणे हे त्या मुलाच्या शिक्षणाचेच कार्य होय.

ग्रामस्थांनी अंध व्यक्तीची काठी ओढून तिला नेऊ नये. प्रथम बोलावे, मदत हवी आहे काय हे विचारावे आणि हवी असल्यास आपला कोपर पुढे करावा. तिने कोपर धरला, म्हणजे आपण अर्धे पाऊल पुढे राहून चालावे. विहिरीचा कठडा, उघडी गटारे, वाटेत बांधलेली जनावरे आणि उत्सवाच्या मंडपाचे ताणलेले दोर यांची व्यवस्था लावणे हे गावाच्या हाती आहे. तयार काठी मिळेपर्यंत बांबूच्या हलक्या, सरळ काठीला पांढरा तैलरंग देऊन तात्पुरती खूण करता येते. बिग्ज यांनीही आपली जुनी काठीच रंगविली होती. धुळीने काळवंडलेली काठी अधूनमधून पुसावी किंवा पुन्हा रंगवावी, कारण मळलेली खूण दुरून पटत नाही.

चालकांनी पांढरी काठी दिसताच थांबावे आणि भोंगा वाजवू नये. भोंग्याने अंध व्यक्तीला कोणत्या बाजूस वळावे हे कळत नाही. उलट ज्या आवाजांवर ती दिशा ठरविते, ते त्यात बुडून जातात. विजेवर चालणाऱ्या रिक्षा व दुचाकींच्या चालकांनी अधिकच दक्ष राहावे. त्यांचे वाहन जवळजवळ निःशब्द असते. त्यामुळे तेथे अंध व्यक्तीचे कानही उपयोगी पडत नाहीत आणि काठीची खूण एवढाच दुवा उरतो.

समारोप

काठीला लाल पट्टे असोत, ती हिरवी असो वा आवडीच्या रंगाची असो, तिला अर्थ प्राप्त होतो तो पाहणाऱ्याच्या वागणुकीने. पांढरा रंग अंध व्यक्तीला वाट दाखवीत नाही. तो डोळसाला त्याच्या कर्तव्याची वाट दाखवितो. मांडवीच्या चौकात किंवा एखाद्या खेड्याच्या एस. टी. थांब्यावर पांढरी काठी पुढे आली आणि चालणारे चाक थांबले, तर काठीचे टोक धरून पुढे चालणाऱ्या त्या मुलाची सुटका होईल. मूल शाळेत जाईल आणि अंध मनुष्य आपल्या कामाला जाईल. 'आंधळ्याची काठी' या जुन्या वाक्प्रचारातील आधार तेव्हा एकट्या घराचा राहणार नाही; तो साऱ्या समाजाचा होईल.